जामीनदार पाहिजे

जामीन हा शब्द आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला आणि इथल्या मातीत असा रुजला, की त्याचे परकेपण कुणाच्या ध्यानातही राहिले नाही. बँकेत नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात मी जे शब्द शिकलो त्यांत तो होता. कर्ज मागणारा एक, त्याचे जामीनदार दोन. कर्जदाराने पैसे थकवले तर ते भरण्याची जबाबदारी या दोघांची. अर्जातल्या बाकीच्या रकान्यांत काहीही लिहिलेले असो, मुरलेला शाखाधिकारी आधी त्या दोन सह्यांकडे पाहत असे. माणसाची पत त्याच्या मागे कोण उभे राहते यावरून ठरे.

पुढे लेखनाच्या निमित्ताने कोर्टाच्या आवारात आणि तुरुंगातून सुटून आलेल्या काही जणांच्या घरी माझे जाणे-येणे झाले. तिथेही पावलोपावली हाच शब्द भेटला. कोर्टात आरोपीला बाहेर यायचे तर जामीनदार लागतो. शिक्षा झालेल्याला रजेवर घरी जायचे तर जामीनदार लागतो. शिक्षा संपवून आलेल्याला भाड्याची खोली, नोकरी, कर्ज यांपैकी काहीही हवे असेल तर पुन्हा कुणीतरी त्याच्यासाठी शब्द टाकावा लागतो. तुरुंगसुधारणेवर आपल्याकडे समित्या झाल्या, जाडजूड अहवाल आले. पण सुटून आलेला माणूस पुन्हा गावात मिसळतो की नाही, हे बहुतेक वेळा एवढ्या एका गोष्टीवर अवलंबून असते, असे माझे मत होत गेले आहे.

तुरुंगांविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ येते. बराकीत मोबाइल सापडला, अमक्या पुढाऱ्याला घरचा डबा मिळतो, तमक्या नटाला कोणत्या कोठडीत ठेवले. रविवारच्या चहाबरोबर हे सारे चवीने वाचले जाते. शिवाय मराठी घरांत तुरुंगाला एक सोवळे स्थानही आहे. विनोबांची गीतेवरची प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. त्या तुरुंगातून सुटणाऱ्याला घ्यायला गाव हार घेऊन येई. इथे लिहितो आहे ते ज्यांना घ्यायला कुणी येत नाही त्यांच्याविषयी.

आधी थोडे आकडे. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती आणि जागा ४ लाख ३६ हजारांची होती. या माणसांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे. दर चारांतले तीन. नुसत्या कच्च्या कैद्यांनीच देशातले सगळे तुरुंग भरून जावेत, असा हा हिशेब आहे. यांतल्या पुष्कळांना कायद्याने जामीन मिळू शकतो, काहींना तो मंजूरही झालेला असतो. पण मंजूर होणे वेगळे आणि सुटणे वेगळे. कोर्टाने सांगितलेला जामीनदार सातबारा उतारा, शिधापत्रिका, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला असे सारे घेऊन हजर होईपर्यंत फाटक उघडत नाही. पुण्यात मजुरीला आलेल्या बीडच्या किंवा बिहारच्या माणसाने पुण्यात सातबारा असलेला सोयरा कुठून आणावा? मग कोर्टाबाहेर भाडोत्री जामीनदार मिळतात आणि त्यांचा दर ठरलेला असतो.

हे काही आज लक्षात आलेले नाही. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण आले होते. न्यायालयाने त्याला जामीन दिला, खालच्या न्यायाधीशांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर खरमरीत निकाल लिहिला आणि मोतीरामला एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. जातमुचलका म्हणजे ज्याचे त्याने स्वतःच लिहून दिलेले बंधपत्र. मधे तिसरा माणूस नाही. दुसऱ्याच वर्षी हुसेनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांची दखल घेतली. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, की स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण आहे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अट सैल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. जामिनाची रक्कम भरता येत नसेल तर कच्च्या कैद्यासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंडापायी अडकलेल्या पक्क्या कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत तेव्हा ठरली. जिल्ह्याची समिती हे ठरवते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडावे अशी तरतूद आहे. फाशी आणि जन्मठेपेचे गुन्हे तिच्यातून वगळले आहेत.

कायदा पुढे सरकतो आहे, हे मान्य. तरी प्रत्यक्षात जामिनाचे पैसे कुठून उभे राहतात ते मी कोर्टात नव्हे, बँकेच्या सोनेतारणाच्या खिडकीवर पाहिले आहे. तिथे एक रकाना असतो, कर्जाचे कारण. बायका ‘घरखर्च’ सांगत आणि आम्ही लिहीत असू. पण काही वर्षे त्या खिडकीमागे काढली की चेहरा वाचता येऊ लागतो. लग्नासाठी दागिना ठेवणारी बाई चार माणसे घेऊन येते आणि बोलते. दवाखान्यासाठी येणारी घाईत असते. कोर्टासाठी येणारी बहुधा एकटी येते, दागिना पदराच्या गाठीतून काढते, सोनार तो कसोटीवर घासत असताना दुसरीकडे पाहते आणि एकच प्रश्न विचारते, ‘‘पैसे आजच मिळतील ना? वकील पाचला निघून जातात.’’ मणी ओवलेला काळा दोरा गळ्यात ठेवून वाट्या तेवढ्या सोडवून देणारी बाईही मी पाहिली आहे. माझ्या साऱ्या नोकरीत बायकोच्या जामिनासाठी काही गहाण टाकायला आलेला नवरा मात्र पाहिल्याचे मला आठवत नाही. नसतीलच असे मी म्हणणार नाही. पण भायखळ्याच्या किंवा येरवड्याच्या स्त्रियांच्या तुरुंगात भेटीच्या दिवशी कोण येते आणि कोण येत नाही, हे तिथे काम करणाऱ्या कोणत्याही सामाजिक कार्यकर्तीला विचारा.

ज्यांच्याजवळ ना दागिना ना सातबारा, त्यांची कथा आणखी निराळी. पारध्यांसारख्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहती मोकळ्या झाल्या; पोलीस ठाण्यातला संशय काही मोकळा झाला नाही. गावात चोरी झाली की पहिली धाड पालावर पडते, हे ग्रामीण भागात राहिलेल्या कुणाला नवे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये, सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा अनेकांना प्रथमच कळले, की तुरुंगांच्या नियमपुस्तकांत जातीवरून कामे वाटून देणारी कलमे तोवर शाबूत होती आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेखही होते. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. अशा माणसासाठी कोर्टात जामीन राहायला कोण येणार?

शिक्षा लागल्यावरही हा पाठलाग सुटत नाही. महाराष्ट्रात कैद्याला दोन प्रकारच्या रजा आहेत. अभिवचन रजा घरातले आजारपण, मृत्यू, लग्न अशा निमित्ताने मिळते. संचित रजा ही शिक्षेचा काही भाग काढल्यावर, घराशी नाते तुटू नये म्हणून दिली जाते. हेतू फार शहाणपणाचा आहे. पण १९५९ च्या नियमांनी संचित रजेला अट घातली, की कैद्याला ठेवून घ्यायला तयार असलेला नातेवाईक हवा आणि त्याने जामीनकतबा लिहून द्यायला हवा. परिणाम असा, की ज्याचे घर त्याला धरून आहे तो घरी जाऊन येतो. आणि ज्याचे नाते तुटले आहे, म्हणजे ते सांधण्याची गरज ज्याला सर्वांत जास्त, तो बराकीतच राहतो. दहा-बारा वर्षे एकदाही बाहेर न आलेला माणूस मग एके दिवशी सकाळी एकदम मोकळा होतो. हातात तुरुंगातल्या मजुरीची शिल्लक, एक पिशवी आणि सुटकेचा कागद.

आणि कागद म्हटले की बँकवाल्याला राहवत नाही. आपल्याकडे माणूस जगतो कागदावर, आणि तुरुंगात सर्वांत आधी मरतात ते कागदच. शिधापत्रिकेवरचे नाव घरच्यांनी कमी केलेले असते किंवा झालेले असते. बँकेच्या खात्यात दोन वर्षे व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होते. दहा वर्षे झाली की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. ती परत मागता येते, पण मागायला ओळख पटवावी लागते. ओळख पटवायला आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक, आणि तो क्रमांक कंपनीने कधीच दुसऱ्या कुणाला देऊन टाकलेला. परवलीचा आकडा त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाणार. नवा क्रमांक जोडायचा तर पुन्हा पत्त्याचा प्रश्न. पत्ता काय सांगणार? गेली अकरा वर्षे ज्या पत्त्यावर होता तो सांगता येत नाही. ही अडवणूक कुणी दुष्टपणाने केलेली नाही. खिडकीतला कारकून नियमाप्रमाणेच वागत असतो. पण सुटण्याआधी तीन महिने तुरुंगातच आधार, खाते आणि शिधापत्रिका यांचे काम उरकून देणे अवघड नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये काम करतो आहे. अशा कार्यकर्त्यांना तुरुंगात एक टेबल आणि आठवड्याचा एक दिवस मिळाला तरी पुष्कळ होईल.

आता एक हकिकत सांगतो. नावे-गावे सांगत नाही, कारण त्यांतली काही माणसे हयात आहेत. १९९४-९५ च्या सुमारास मी माणदेशातल्या एका शाखेत होतो. तिथे एक सुतार कर्ज मागायला आला. बांधावरून झालेल्या भांडणात त्याच्या हातून भावकीतला एक माणूस मेला होता. सदोष मनुष्यवधाची शिक्षा भोगून तो परतला होता. सुतारकाम घरचेच, पण हात घडला तो तुरुंगाच्या कारखान्यात. सरकारी कचेऱ्यांतली किती टेबले आणि खुर्च्या कैद्यांच्या हातच्या असतात, हे त्यांवर बसणाऱ्यांना ठाऊक नसते. त्याला लाकूड आणि अवजारे घ्यायला दहा हजार हवे होते. जामीनदार दोन. सख्ख्या भावाने नकार दिला, आणि त्याचे कारण गुन्हा नव्हते. जामीन राहिलो तर संबंध मान्य केल्यासारखे होईल आणि मग हा जमिनीत वाटा मागेल, अशी त्याला धास्ती होती. एक जामीनदार मामाच्या गावाहून मिळाला. दुसरा मिळेना. शेवटी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आले. त्यांचे निवृत्तिवेतन आमच्याच शाखेत जमा होई. मी त्यांना नियमाप्रमाणे सगळे समजावून सांगितले, की हा थकला तर तुमच्या पेन्शनमधून आम्ही वसूल करू. गुरुजी म्हणाले, ‘‘साहेब, दोघंही माझ्या वर्गात होते. मारणारा आणि मेलेला. एक तर गेला. दुसऱ्याचं काय करायचं ते सांगा.’’ आणि सही केली.

कथा-कादंबरीत असते तसे पुढे काही झाले नाही. पाचव्या हप्त्याला कर्ज थकले. नोटीस दोघांना गेली. गुरुजी नोटीस घेऊन शाखेत आले, चांगलेच चिडलेले, आणि इथून उठून थेट त्या सुताराच्या पडवीत जाऊन बसले. चौकशीत कळले ते असे : गावातल्या एका मातब्बराने नव्या घराच्या सगळ्या चौकटी त्याच्याकडून करवून घेतल्या आणि पैसे दिले नाहीत. मागायला गेला तर म्हणाला, ‘‘जा की पोलिसात.’’ तुरुंगातून आलेला माणूस पोलीस चौकीची पायरी चढणार नाही हे त्याला पक्के माहीत होते. अशी लूट किती होते याची मोजदाद कुठेच नाही. कमी मजुरी, बुडवलेली मजुरी, घरभाड्यात दामदुप्पट. आणि तक्रार केलीस तर सगळ्यांना सांगेन ही धमकी. गुरुजी त्या मातब्बराकडे गेले. तोही बहुधा त्यांच्या वर्गातलाच असावा. निम्मे पैसे निघाले, हप्ता आला आणि रखडत रखडत ते कर्ज फिटले.

पण मला त्या शाखेतली अधिक आठवण आहे ती दुसरीच. मेलेल्या माणसाच्या विधवेचे खाते आमच्याकडेच होते. ती बुधवारी, बाजारच्या दिवशी येई. सुताराने हे हेरले होते. तो चुकूनही बुधवारी यायचा नाही. एकदा पैसे मोजून घेतल्यावर ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सायेब, तुमी त्येला कर्ज दिलं म्हनं. माझं मानूस गेलं, मला कुनी काय दिलं?’’ आवाज चढलेला नव्हता. तिला खरेच माहिती हवी होती.

कैद्यांच्या पुनर्वसनाविषयी बोलणाऱ्यांपैकी फार थोडे लोक या बाईला गृहीत धरतात, आणि म्हणून गाव त्यांचे ऐकत नाही. सुटून आलेल्याला जवळ करा, असे शहरातून सांगायला काय जाते? गावात तो रोज समोरून जाणार असतो. तिने त्याला क्षमा करावी, अशी अपेक्षा ठेवण्याचा मला किंवा तुम्हाला अधिकार नाही. मात्र तिला देण्यासारखे काहीच नव्हते, असे म्हणता येत नाही. कैद्याच्या मजुरीतला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या एका प्रकरणात सांगितले. २००९ पासून कायद्यात पीडितांना सरकारने नुकसानभरपाई देण्याची तरतूद आली. ती मागायची जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. हे तिला सांगायला तिच्या दारात कुणी गेले तर तिच्या प्रश्नाला निदान अर्धे उत्तर मिळते. आणि माझा अनुभव असा, की जिला अर्धे उत्तर मिळाले आहे ती सुताराच्या दुकानावर दगड मारायला पोराला पाठवत नाही. दोन्ही घरांची विचारपूस एकाच माणसाने करायला हवी. एकाचीच केली तर ती बाजू घेतल्यासारखी होते.

नोकरीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना माझा तोल जातो. बँकिंग नियमन कायद्याच्या दहाव्या कलमाने, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला बँकेत नोकरी देता येत नाही. अधिकाऱ्याची नव्हे, कोणतीच; झाडूवाल्याचीही नाही. आणि किती वर्षे नाही? कायम. रोखपालाच्या बाबतीत हे मला पटते. झाडूवाल्याच्या बाबतीत पटत नाही. आता लोकप्रतिनिधित्वाचा कायदा पाहा. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला माणूस सुटल्यानंतर सहा वर्षांनी पुन्हा निवडणूक लढवू शकतो. म्हणजे ज्याला बँकेत झाडू हाती धरता येणार नाही, तो सहा वर्षांनी आमदार होऊन, जमल्यास मंत्री होऊन, त्याच बँकेच्या नव्या शाखेची फीत कापू शकतो. इंग्लंडने १९७४ साली कायदा केला, की ठरावीक मुदतीच्या शिक्षा काही वर्षे सरळ वागल्यानंतर गणल्याच जाऊ नयेत. आपल्याकडे तसा सर्वसाधारण कायदा नाही. अल्पवयीनांसाठी २०१५ च्या कायद्यात सवलत आहे. आणि १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली कोर्टाने तुरुंगात न पाठवता सोडून दिलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पण ज्याने शिक्षा पूर्ण भोगली, त्याला मात्र कुठलाच शेवट नाही. कर्ज बुडवणाऱ्यालाही पैसे फेडल्यावर बँका काही वर्षांनी दारात उभे करतात.

आणि हे सारे त्या महाराष्ट्रात, जिथे याच्या उलटा प्रयोग फार आधी होऊन गेला आहे. औंध संस्थानात, भवानराव पंतप्रतिनिधींच्या राज्यात, १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा त्यात मोठा वाटा होता. भिंती नाहीत, कैद्यांनी शेती करायची, कुटुंब सोबत ठेवायचे. ‘दो आँखें बारह हाथ’ हा शांतारामांचा १९५७ चा चित्रपट या प्रयोगावरूनच सुचला, आणि त्याची कथा लिहिणारे गदिमा त्याच मुलखातले. चित्रपटाला बर्लिनला पारितोषिक मिळाले, गाणी घरोघरी पोचली. खुल्या तुरुंगांची संख्या मात्र त्या मानाने थोडीच राहिली. स्वतंत्रपुरात मी माणदेशात असताना एकदोनदा गेलो होतो. लक्षात राहिली ती कपडे वाळत घातलेली दोरी. बाईचे लुगडे, पोराची चड्डी आणि कैद्याचा सदरा एकाच दोरीवर होते. तिथला माणूस सुटतो तेव्हा त्याला घर शोधत जावे लागत नाही, कारण ते त्याच्याबरोबरच असते. खुल्या तुरुंगाच्या बाजूने पैशांची बचत, गर्दीवर उतारा अशी बरीच कारणे दिली जातात. मला त्या दोरीइतके दुसरे कारण पटलेले नाही.

आपल्या राज्यात अलीकडे एक गोष्ट चांगली झाली, आणि ती एका बँकेने केली याचा मला व्यवसायबंधू म्हणून आनंद आहे. १ मे २०२२ रोजी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्याच्या कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, तारण नाही आणि जामीनदारही नाही. परतफेड तुरुंगातल्या मजुरीतून. घरचे लग्न, मुलांची फी, वकिलाचा खर्च अशासाठी हे पैसे वापरता येतात. सोनेतारणाच्या खिडकीतली ती बाई आठवली, की या योजनेचे मोल कळते. आत असलेला माणूस घरासाठी काहीतरी करू शकतो, त्यामुळे घरात त्याची जागा राहते. माझे एवढेच म्हणणे, की ही सोय फाटकाशी थांबू नये. आत असताना ज्याने हप्ते नियमाने भरले, त्याची ती नोंद हीच त्याची पत समजून बाहेर आल्यावर त्याला धंद्यासाठी कर्ज मिळावे. विनातारण कर्ज देणारी मुद्रा योजना २०१५ पासून आहे. तिच्या अर्जाला तुरुंग अधीक्षकाचा एक दाखला जोडला म्हणजे झाले. आधी थोडे द्यावे, फेडले की वाढवावे. नव्या गिऱ्हाइकाशी आम्ही असेच वागत आलो.

बँक पैशांपुरती जामीन राहील. गावात जामीन राहायला गावातलेच कुणी हवे. २००७ साली राज्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली तेव्हा गावोगाव समित्या झाल्या, बक्षिसे वाटली गेली, कमानी उभ्या राहिल्या. त्यांतल्या पुष्कळ समित्या आता कमानीपुरत्या उरल्या आहेत. त्यांना हे काम द्यावे. गावातला कैदी सुटण्याआधी महिनाभर तुरुंगाने समितीला कळवावे. समितीतल्या दोघांनी, शक्यतो एक बाई असावी, दोन्ही घरी जाऊन यावे. त्याने कुठे राहायचे, बाजारला कोणत्या दिवशी जायचे, कोणत्या गल्लीतून जायचे नाही, असे सगळे बोलून ठरवावे. संचित रजेला नातेवाईक मिळत नसेल तर समितीच्या एखाद्या सदस्याचा जामीनकतबा चालावा, एवढी दुरुस्ती नियमांत करून घ्यावी. प्रत्येक कैद्याच्या बाबतीत हे जमणार नाही. काही गुन्हे असे आहेत, की त्या माणसाने त्या गावात परत न येणेच बरे; लहान मुलींवर अत्याचार करणाऱ्यासाठी कुणी जामीन राहा असे मी कुणाला सांगणार नाही. त्याच्यासाठी दूरचे वसतिगृह, पोलिसांचे लक्ष, आणखी काही व्यवस्था सरकारने पाहावी. पण बांधावरून, दारूच्या नशेत, पाण्याच्या पाळीवरून हातून काहीतरी घडून गेलेले लोक गावोगाव आहेत, आणि ते कधीतरी गावातच परतणार आहेत.

हे वाचून कुणाला काही करावेसे वाटले तर तालुक्याच्या कोर्टाच्या इमारतीत विधी सेवा समितीचे कार्यालय असते. कोठडीत असलेल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि स्त्रियांनाही; १९८७ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. मृताच्या नातेवाइकांचा भरपाईचा अर्जही तिथे चौकशी केली की मार्गी लागतो. समितीला विधी स्वयंसेवक लागतात आणि त्यासाठी वकील असण्याची अट नाही. निवृत्त शिक्षक, पोस्टमास्तर, तलाठी, बँकवाले अशांना अर्ज कसा भरायचा हे शिकवावे लागत नाही. जाताना आधार कार्डाची प्रत न्यावी. सकाळी अकरानंतर गेलेले बरे.